चुकलेल्या उत्तराचे तीन मार्क

मुरबाड,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

नामामामा,

आधी बैलांना पाणी दाखव, मग खाली बस आणि मग पुढचं वाच. मला सहामाहीत गणिताला ऐंशीपैकी एक्केचाळीस पडले.

हे फोनवरच सांगणार होते. पण दिवाळीत तूच बजावलंस, "फोन नको गो, पत्र लिव. पत्र हातात धरता येतं." आणि आमचे फोन तरी कुठे आमच्याकडे असतात! हॉस्टेलच्या बाईंच्या कपाटात असतात. रविवारी दहा मिनिटं मिळतात आणि मागे रांगेतल्या अकरा जणी सगळं ऐकून वर सल्ले देतात. म्हणून पत्र. तुला या वयात पत्रांची हौस कुठून लागली ते देव जाणे.

आता खरी मजा ऐक. माझं एकसुद्धा उत्तर चुकलेलं नाही. एकसुद्धा नाही, मामा! पर्याय निवडायचे आणि एका वाक्यातले मिळून वीसपैकी वीस. पुढे एकवीस गणितं सोडवली, दोन मार्कांची, तीन मार्कांची, चार मार्कांची. एकवीसच्या एकवीस उत्तरं बरोबर. आणि भगीरथ सरांनी प्रत्येकाला एक एक मार्क दिला, प्रसाद वाटल्यासारखा. वीस आणि एकवीस, एक्केचाळीस. 'सिद्ध करा' असे प्रश्न मी सोडूनच दिले होते. तिथे उत्तर आधीच छापलेलं असतं, मग आपण लिहायचं काय?

एक गणित तुलाही सांगते. छत्तीस मीटर तार आहे, तिच्यात जास्तीत जास्त जागा मावेल असा आयत करा. मी लिहिलं, नऊ मीटर बाजूचा चौरस. एक ओळ. सरांनी लाल पेनाने विचारलं, "रीत कुठे आहे?" आता रीत म्हणजे काय? डोक्यात आहे! तूच मला लहानपणी बैलाच्या पाठीवर बसवून पाढे शिकवलेस आणि वर सांगितलंस, हिशोब ओठावर आणायचा नाही, नुसता जवाब सांगायचा.

हसण्यावारी नेते आहे, पण प्रकरण हसण्यासारखं नाही. आमच्या संस्थेची सीईटीची बॅच एप्रिलमध्ये शहापूरला आहे, राहणं-जेवण फुकट, मुलं फक्त वीस. जानेवारीच्या प्रिलिमला गणितात ऐंशीपैकी साठ असतील तरच घेणार. ती बॅच मिळाली नाही तर माझं इंजिनियर व्हायचं तिथेच संपलं, कारण बाहेरचा क्लास आपल्याला झेपणार नाही हे तुलाही माहीत आहे. आईला सांगू नकोस. सांगितलंस तरी एक्केचाळीस 'चांगले' म्हणून सांग.

तुझी,
दिपिका

•

पोस्टकार्ड
तानशावरची वाडी, २२ नोव्हेंबर

चि. दिपीस मामाचा आशीर्वाद आणि सरांना राग.

बरोबर जवाबाला एक मार्क? हा कुठला बाजार? मी इथे पोस्टवाल्या संजीवनीबाईंना विचारलं, त्या बारावी सायन्स झालेल्या आहेत. त्या म्हणाल्या, असंच असतं, उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर चारातले तीन मिळतात. चुकीच्या जवाबाला तीन आणि बरोबरला एक! उद्या कोणी लंगडा बैल आणला आणि म्हणाला, चालत मात्र नीट आलाय, तर मी काय तीन पाय मोजून पैसे देऊ?

गुरुवारी येतो. सरांना सांगू नको.

नामा

(कार्ड भरलं. संजीवनीबाई म्हणतात, आंतर्देशीय घ्या, जागा जास्त असते. पण मग ते बंद असतं.)

•

मुरबाड,
रविवार, १ डिसेंबर

मामा, मामा, मामा!

तू गेल्यापासून मला कॉलेजात कोणी दिपिका म्हणत नाही. 'रुमालवाल्याची भाची' म्हणतात. काजल, माझी खोलीतली मैत्रीण, हिने तर तुझी नक्कल बसवली आहे आणि मागणी असेल तेव्हा करून दाखवते.

मला वाटलं होतं तू सरांशी भांडशील. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू टीचररूममध्ये गेलास, रामराम केलास, खांद्यावरचा रुमाल काढलास आणि म्हशाच्या बैलबाजारात बोटं दाबून भाव ठरवायला दलालाचा हात धरावा तसा सरांचा हात धरून वर रुमाल टाकलास! चार मॅडम चहा पीत होत्या. त्यांचे कप तसेच राहिले. मी दारात उभी राहून जमीन दुभंगायची वाट बघत होते. तू रुमालाखाली सरांची चार बोटं दाबलीस, म्हणजे गणिताला चार मार्क, ते मला कळलं, कारण तुझी भुवई वर गेली.

पण मामा, सरांची भुवईसुद्धा वर गेली! सरांचे वडील म्हशाला बैल न्यायचे हे तुला तरी कुठे माहीत होतं? सरांनी आतल्या आत तुझं एक बोट दाबलं. तू तीन दाबलीस. सरांनी परत एक. मग सरांनी रुमाल काढला, घडी करून तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मामा, म्हशाला रुमालाखाली. हितं उघड्यावर बोलायचा."

त्यानंतर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सर आपल्याला वर्गात घेऊन गेले. डस्टर कोणीतरी पळवलं होतं म्हणून त्यांनी बाहीनेच फळा पुसला आणि त्यावर बैल काढला. तू म्हणालास, "याला वशिंड नाय. आमी याला हात नाय लावणार." अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी वशिंड काढलं आणि विचारलं, "आता बोला, याची किंमत कशी ठरवता? सगळा सांगा. मनातला पण."

आणि तू सांगितलंस! इतकी वर्षं मी तुझ्या मागे म्हशाला येते, पण हे कधी ऐकलं नव्हतं. आधी दात. दोन दाती, चार दाती की सगळे दात येऊन जुळलेला. मग खूर. मग वशिंडाला हात लावून अंग थरथरतं का बघायचं. मग दहा पावलं चालवायचं आणि मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो का ते बघायचं. सर प्रत्येकासमोर अर्धा, एक, अर्धा असे मार्क लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "मामा, ही रीत. भाव चुकला तरी हिचे मार्क तुमचेच." तू डोकं खाजवत बसलास.

तू एस.टी. पकडायला गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "बोर्डाचा पेपर तपासणारा तुला ओळखत नाही. तो लांब कुठेतरी बसलेला असतो आणि पुढ्यात गठ्ठा असतो. तू हुशार आहेस हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. कागदावर दिसेल तेवढंच तो तुझं मानणार. आणि शेवटी तुझा पाय घसरला तरी इथपर्यंत नीट चालत आलीस हे त्याला दिसलं, तर त्या चालण्याचे मार्क तो कापत नाही." त्या तारेच्या गणिताचं म्हणाले, चौरसच का, हे लिहायला हवं. लांबी क्ष, मग रुंदी अठरा वजा क्ष, मग क्षेत्रफळ, मग त्याचं अवकलन शून्य. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. दुसऱ्यांदा अवकलन करून दाखवायचं की ही जागा जास्तीत जास्तच आहे, कमीत कमी नाही. नाहीतर आपण शिखरावर उभे आहोत की खड्ड्यात, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

मला रडू आलं, मामा. लाजेने नाही. इतके दिवस मी पेपर रुमालाखाली लिहीत होते हे तेव्हा कळलं.

दिपिका

•

आंतर्देशीय पत्र
तानशावरची वाडी, ७ डिसेंबर

चि. दिपी,

मी घरी येऊन वहीत बैलाची रीत लिहून काढली. सात पायऱ्या झाल्या. लिहिताना कळलं की गेल्या वर्षीच्या ढवळ्याच्या वेळी मी खूर बघितलेच नव्हते, थेट चालीवर गेलो होतो. म्हणून तो लंगडला. वीस वर्षं डोक्यात हिशोब केला तेव्हा ही चूक सापडली नाही आणि कागदावर एका दिवसात सापडली. सरांना सांग, मामा तुमच्या बाजूला आला.

रुमाल कशाला असतो तेही तुला सांगायला हवं होतं. भोवती पन्नास माणसं असतात, भाव उघडा पडला की पुढचा सौदा मोडतो. एवढंच. ते बाजारापुरतं होतं गो. मी तुला पाढ्यात पण तेच शिकवलं, ही माझी चूक.

आता एक वेगळं विचारतो. हे माझं नाही, राघोचं आहे. राघो म्हणजे माझा बाजारातला भागीदार, तुला ठाऊक आहे. त्याने एका बाईला सरळ विचारलं, "लगीन करतेस का?" ती म्हणाली, "नाय," आणि <s>स्कूटीला किक मारून</s> निघून गेली. राघो म्हणतो, प्रश्न बरोबर, माणूस बरोबर, मग 'नाय' का? तुझ्या त्या मार्कांच्या हिशोबात राघोला किती पडतील?

त्याला घाई आहे. लवकर लिही. पोस्टाने लिही.

नामा

•

मुरबाड,
रविवार, १५ डिसेंबर

मामा,

राघोकाकाला चारपैकी एक. तोही मी दयाळू आहे म्हणून.

अरे, त्याने नुसतं शेवटचं उत्तर लिहिलं! ती बाई म्हणजे लांब बसलेला तपासनीस. तिला काय माहीत याच्या डोक्यात काय चाललंय ते? त्याला सांग, अशी रीत असते. पहिल्यांदा दिलेली माहिती लिहायची: मी कोण, माझं काय आहे, काय नाही. लपवायचं नाही, लपवलेल्याला मार्क नसतात. मग सूत्र: तूच का, दुसरी का नाही. मग पायऱ्या: हे मनात कधी आलं, कसं वाढत गेलं, एकेक ओळ. मग उत्तर. आणि दुसरं अवकलन विसरायचं नाही, म्हणजे हे आज आहे तसंच पुढेही राहील हे दाखवायचं. घाईघाईने दोन ओळी एकत्र केल्या की अर्धा कापला जातो, हे माझ्या अनुभवाचे बोल.

आमच्याकडे सध्या धमाल चालली आहे. काजलचं माझ्या बरोबर उलटं आहे. तिच्या पायऱ्या मोत्यांसारख्या आणि शेवटी बारा वजा पाच बरोबर आठ. सहामाहीत तिला बावन्न पडले होते, आणि त्यात धड उत्तरं चारसुद्धा नव्हती! आता आम्ही सावड घातली आहे, भातलावणीला घालतो तशी. एक दिवस ती माझ्या पायऱ्या तपासते, दुसऱ्या दिवशी मी तिच्या वजाबाक्या. मी एक ओळ गाळली की ती माझ्या नाकासमोर रुमाल हलवते. परवा जेवताना मी म्हटलं, "मला अजून भाकर नको." ती म्हणाली, "रीत दाखव." मग मी आधी किती खाल्ल्या, पोटात किती मावतात, सगळं सांगितलं तेव्हा ताट उचलू दिलं.

काल सरांच्या चाचणीत वीसपैकी चौदा पडले. साठाच्या हिशोबाने अजून एक कमी आहे. प्रिलिम दोन जानेवारीपासून आहे. मी घाबरलेली आहे आणि तरी सारखं हसू येतंय, हे काय आहे ते कळत नाही.

दिपिका

•

तीन पोस्टकार्डं, एका आठवड्यात

१९ डिसेंबर. चि. दिपी, राघोने आभार सांगितले आहेत. 'सूत्र' त्याला कळलं नाही. 'तूच का' याला त्याच्याकडे बरीच कारणं आहेत, पण ती कोणत्या क्रमाने लिहायची? नामा

२० डिसेंबर. चि. दिपी, आज इथे थंडी आहे. नामा

२१ डिसेंबर. चि. दिपी, कालच्यापेक्षा जास्त आहे. नामा

•

दोन पोस्टकार्डं, क्रमांक १ व २
मुरबाड, रविवार, २९ डिसेंबर

(कार्ड १) मामा, आंतर्देशीय संपली म्हणून दोन कार्डांवर लिहिते. आधी हे वाच. एक प्रमेय आहे.

पक्ष: राघोकाकाला लहानीकाकू नावाची बायको आणि तीन मुलं आहेत. सगळी धडधाकट. मी दिवाळीत त्यांच्याकडे फराळ केला.

साध्य: लग्न राघोकाकाला करायचं नाही.

सिद्धता: माना की राघोकाका लहानीकाकू असताना दुसरीला मागणी घालतो. तर लहानीकाकू त्याला कोयत्याने सोलील. पण तुझ्या १९ तारखेच्या कार्डानुसार राघोकाका जिवंत आहे आणि आभार मानतो आहे. हा विरोधाभास आहे. म्हणून आपलं मानणं चुकीचं. म्हणून मागणी घालणारा दुसराच कोणीतरी. त्याला क्ष म्हणू.

(कार्ड २) क्षला ७ तारखेच्या पत्रात 'स्कूटी' हा शब्द खोडावासा वाटला. खोडलेलं मला नीट वाचता येतं. वाडीत एकच बाई स्कूटीवरून येते, ती पोस्टाची. क्षला ऑक्टोबरपासून पत्रांची हौस लागली. क्षने एका आठवड्यात तीन कार्डं टाकली, त्यांतल्या दोनात नुसती थंडी होती. थंडी कळवायला कोणी पोस्टात जात नाही. म्हणून कार्ड हे निमित्त, पोस्ट हे कारण.

म्हणून क्ष = नामामामा, आणि ती बाई = संजीवनीबाई. हेच सिद्ध करायचे होते.

मामा!!! मी आणि काजल दोघी पलंगावर उड्या मारून पलंगाची एक फळी मोडली. तू अडतीस वर्षांचा घोडा होऊन माझ्या गणिताच्या आड लपलास! भगीरथ सरांना मी ही सिद्धता (नावं गाळून) दाखवली. ते म्हणाले, पाचपैकी पाच, आता असंच पेपरात लिही.

गुरुवारपासून पेपर. माझ्यासाठी देवाला सांग.

दिपिका

•

आंतर्देशीय पत्र (दोन ठिकाणी गोंद लावलेलं)
तानशावरची वाडी, ४ जानेवारी २०२५

दिपी, गाढवे,

कार्डावर लिहिलंस! उघड्या कार्डावर! ती कार्डं मला कोणाच्या हातून मिळाली असतील याचा विचार तू आणि तुझ्या त्या काजलने फळी मोडण्याआधी केलात का?

ती आली. मी गोठा झाडत होतो. तिने दोन नंबरचं कार्ड दिलं. मी वाचलं आणि माझ्या हातातून खराटा पडला. मी म्हटलं, "एक नंबरचा कुठं हाय?" ती म्हणाली, "तो उद्या देते. माझा अजून वाचून व्हायचाय." आणि स्कूटीच्या आरशात बघून तोंडाला रुमाल बांधला, पण त्याच्या वर डोळे हसत होते. मी बघितले.

आता खरं सांगतो. हो, मीच. दिवाळीआधी विचारलं होतं, अर्ध्या मिनिटात, म्हशाच्या भावासारखं. कारण मला भीती वाटली की सगळं सांगितलं आणि तरी ती 'नाय' म्हणाली, तर माझ्याजवळ झाकायला काही उरणार नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी एक नंबरचं कार्ड देताना ती म्हणाली, "जवाब मला ठाव हाय. मला रीत बघायचीय. म्हशाच्या जत्रेपर्यंत टाइम." आणि गेली.

तू यात डोकं घालू नको. तुझा गणिताचा पेपर आठ तारखेला आहे ना? एक ओळ गाळू नको. तुझं साठ माझ्या लग्नापेक्षा मोठं आहे, हे मी शपथेवर लिहितो.

नामा

•

शहापूर,
१५ जानेवारी

चि. दिपिका,

आपली भेट नाही, पण तुझं अक्षर मी दोन महिने वाचते आहे. पोस्टाच्या माणसाने कार्ड वाचू नये असा नियम आहे. तुझं एकवीस गणितांचं दुःखसुद्धा मला तुझ्या मामांनी स्वतः वाचून दाखवलं होतं, ते बंद पत्र होतं. कार्डांची चूक मात्र माझी. पण तुझी कार्डं न वाचता पोचवील असा माणूस पोस्टात अजून भरती व्हायचा आहे.

तुझा निकाल अजून लागायचा आहे. दुसरा लागला, तो कळवते.

सोमवारी मी रजा टाकून भावाबरोबर म्हशाला घोंगडी घ्यायला गेले होते. घोंगडी हे निमित्त होतं, तुझ्याच भाषेत. बैलबाजारात तुझे मामा उभे होते, शेजारी राघोभाऊ. मला बघितलं आणि सवयीने खांद्यावरचा रुमाल काढून त्याखाली हात पुढे केला! मी रुमाल ओढून घेतला. म्हटलं, "उघड्यावर बोला." भोवतीची सगळी माणसं जवळ सरकली. बैलसुद्धा सरकले, असं राघोभाऊ म्हणतात.

मग त्यांनी सुरुवात केली. "दिलेली माहिती. वय अडतीस. दात सगळे जागेवर." लोक खो खो हसले, पण ते थांबले नाहीत. "शेत थोडा हाय, घर मातीचा हाय, राग लवकर येतो नि लवकर जातो. जत्रांना महिना महिना बाहेर असतो, ही खोट हाय." मग म्हणाले, "तुमीच का? गेल्या पावसात ओढ्याला पाणी होतं. तुमी स्कूटी पलीकडं ठेवून चालत आलात, कोणाची तरी पेन्शन द्याला. मी इचारला, उद्या आणली असती तर? तुमी म्हणालात, म्हातारी आज वाट बघतेय. तवापासून मी पण वाट बघतो. माझा पत्र येत नव्हता, म्हणून भाचीला पत्रं लिवायला लावली." दुसरं अवकलनही केलं, बरं का. म्हणाले, "ही वाढच आहे, उतार नाय. सहा महिने तपासून बघितलाय." माझे डोळे भरले. माझ्या भावाने घोंगडी खरेदीचं सोडून दिलं आणि तोही ऐकत बसला.

आणि मग ते गप्प उभे राहिले. मी वाट बघते आहे, बाजार वाट बघतो आहे, आणि हे उभे! सगळी रीत लिहिली आणि उत्तर लिहायचं विसरले. विचारलंच नाही! आधीच्या वेळी नुसतं उत्तर, या वेळी उत्तराशिवाय सगळं. शेवटी मीच म्हटलं, "मंग करायचा का लगीन?" तर मान हलवली. राघोभाऊंनी गुलाल आणला होता, बैलाला लावायचा, तो आम्हाला लावला.

मार्क: चारपैकी तीन. उत्तराचा एक कापला आहे. ते उत्तर मी लिहिलं म्हणून तो मार्क माझ्याकडे.

मलाही बारावीला गणिताला अठ्ठेचाळीसच पडले होते. रीत दाखवायची असते हे मला कोणी फळ्यावर बैल काढून सांगितलं नाही. तुझ्या साठची मी तुझ्या मामांइतकीच वाट बघते आहे. निकाल कार्डावर लिही, म्हणजे मला आधी कळेल.

तुझी होणारी मामी,
संजीवनी

•

पोस्टकार्ड, अक्षर फार बारीक
मुरबाड, रविवार, १९ जानेवारी

संजीवनीमामी (आधी तुम्हीच वाचणार म्हणून) आणि मामा,

साठ. बरोब्बर साठ. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही.

आणि ते कसे झाले ते ऐका. शेवटचं गणित चार मार्कांचं होतं. क्षेत्रफळ काढायचं. आकृती काढली, सूत्र लिहिलं, एकेक पायरी लिहिली, एकही ओळ गाळली नाही. शेवटी फक्त सात आठे करायचं होतं. आणि मी लिहिलं चोपन्न! सात आठे चोपन्न, मामा! बैलाच्या पाठीवर शिकलेली मी! आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर चुकलं. घंटा झाल्यावर लक्षात आलं आणि मी आठवडाभर काजलच्या मांडीत डोकं खुपसून रडले.

काल पेपर दाखवले. चोपन्नभोवती सरांनी लाल गोल केला होता आणि लिहिलं होतं, "उत्तर चूक. रीत सुंदर." पुढे तीन. आधीचे सत्तावन्न होते. सत्तावन्न आणि तीन. मी शहापूरच्या बॅचमध्ये आहे ते त्या चुकलेल्या उत्तराच्या तीन मार्कांमुळे! काजलला त्रेसष्ट, तिची एकही वजाबाकी चुकली नाही. आम्ही दोघी जाणार आहोत. नवीन फळीही मोडली.

दिपिका

•

पाकीट, रजिस्टर्ड
तानशावरची वाडी, २४ जानेवारी

चि. दिपीस मामाचा आशीर्वाद.

कार्ड घेऊन ती वाडीच्या खालच्या वळणापासूनच हॉर्न वाजवत आली. मी ते तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. एक्केचाळीसचंही सांगून टाकलं. तुझी आई आधी रागावली, मग रडली, मग सगळ्या वाडीला गुळाचा चहा पाजला.

सात आठे छप्पन्न. शंभर वेळा लिहून काढ.

लग्न तुझी सीईटी झाल्यावर, मे महिन्यात. तू नाहीस तर लग्न नाही, हे संजीवनीनेच सांगितलं. सरांना मी आमंत्रण द्यायला येतो. बाकी त्यांना माझा एक निरोप सांग. चुकीच्या जवाबाला तीन मार्क देणाऱ्या माणसाशी मी भांडायला आलो होतो. आता मला आणि माझ्या भाचीला दोघांनाही त्यांनीच पास केलं.

सोबत माझा रुमाल आहे, धुऊन पाठवतो आहे. म्हशाला जाताना मी दुसरा घेईन, तो फक्त बैलांसाठी. हा सरांना दे. त्या दिवशी ते बाहीने फळा पुसत होते.

तुझा,
नामामामा